चित्रकार अज्ञात : मासळीच्या जुन्या चित्रांविषयी थोडेसे

मूर्तिजापूर हे समुद्राचे गाव नव्हे. मुंबईचा किनारा येथून रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. आमच्या बाजारात येणारी मासळी नदीची आणि धरणांची. रोहू, कटला, मरळ, झिंगे ही तिची ओळखीची नावे. समुद्राचे म्हणून जे काही येते ते सुके बोंबील. कालवे आणि शेवंड यांची आमच्यापैकी पुष्कळांना केवळ पुस्तकी ओळख आहे. तरीही आज आम्ही वाचकांपुढे समुद्रातील मासळीच्या जुन्या चित्रांचा, आणि त्यातही ज्यांच्या चित्रकाराविषयी खात्रीने सांगता येत नाही अशा चित्रांचा विषय ठेवीत आहोत. दूरच्या नेपल्स शहरातील हे कोडे आपल्या धर्मग्रामातील एका दुर्लक्षित कर्तव्यापर्यंत कसे येऊन पोहोचते, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

स्थिरचित्र म्हणजे काय?

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या वाचकांना 'वस्तुचित्र' आणि 'स्थिरचित्र' हे शब्द आठवत असतील. टेबलावर एक कापड, त्यावर मडके, दोन वांगी, एखादा पेला. आणि समोर बसून ते जसे दिसते तसे रेखाटणारे विद्यार्थी. माणूस नाही, प्रसंग नाही, केवळ वस्तू. युरोपात सतराव्या शतकात हाच प्रकार स्वतंत्र कला म्हणून बहराला आला. फुले, फळे, भांडी, शिकारीतील पक्षी आणि मासळी हे त्याचे आवडते विषय होते.

निर्जीव वस्तूंच्या चित्रात पाहण्यासारखे काय असते, असे कोणी विचारील. आपल्या वऱ्हाडातच याचे उत्तर आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी मामांच्या घरी ज्यांचे बालपण गेले, त्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांना आज त्या नावाने किती जण ओळखतात? हातातल्या मातीच्या गाडग्यावरून जग त्यांना गाडगेबाबा म्हणते. एक गाडगे आणि एक खराटा एवढेच कोणी चितारले, तरी वऱ्हाडातील लहान मूलदेखील ते कोणाचे हे सांगेल. वस्तू माणसाविषयी बोलतात, आणि स्थिरचित्राची सारी शक्ती या बोलण्यात आहे.

मासळीच्या चित्रांना ख्रिस्ती जीवनाची आणखी एक पार्श्वभूमी होती. त्या काळी प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस आणि वर्षातील शुक्रवार मांसवर्ज्य असत, आणि त्या दिवसांत मासळी चाले. त्यामुळे कॅथलिक शहरांत मासळीबाजाराला उपासनावर्षाशी जोडलेले महत्त्व होते. मासळीने भरलेला ओटा पाहणाऱ्याला समुद्राच्या वैभवाबरोबर उपवासाच्या दिवसांचीही आठवण होत असेल, असे म्हणण्यास जागा आहे. आजही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशी आपण उपवास व मांसवर्जन पाळतो, तेव्हा त्याच परंपरेत उभे असतो.

रेक्को घराण्याचे कोडे

इटलीतील नेपल्स हे समुद्रकाठचे मोठे शहर सतराव्या शतकात स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते. तेथील मासळीच्या चित्रांसाठी एक घराणे प्रसिद्ध आहे, ते रेक्को घराणे. जाकोमो रेक्को हा फुलांची चित्रे काढणारा चित्रकार. त्याचा पुत्र ज्युसेप्पे रेक्को १६३४ मध्ये नेपल्स येथे जन्मला आणि १६९५ मध्ये स्पेनमधील आलिकांते येथे मरण पावला. मासळी रंगविण्यात त्याची मोठी ख्याती झाली. ज्युसेप्पेची कन्या एलेना हिनेही मासळीची चित्रे काढली. याच घराण्यात जोव्हान बत्तिस्ता रेक्को नावाचा आणखी एक चित्रकार होता, आणि कोड्याचा आरंभ त्याच्यापासून होतो.

स्वीडनमधील स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात मासे आणि कालवे यांचे १६५३ सालचे एक चित्र आहे. ते जोव्हान बत्तिस्ताचे म्हणून ओळखले जाते. पण हा जोव्हान बत्तिस्ता कोण? काही अभ्यासक त्याला जाकोमोचा भाऊ, म्हणजे ज्युसेप्पेचा काका मानतात. काही त्याला ज्युसेप्पेचा थोरला भाऊ समजतात. त्याच्या जन्ममृत्यूची वर्षे अंदाजाने लिहिली जातात.

अडचण येथेच संपत नाही. या घराण्यातील चित्रकार पुष्कळदा पूर्ण नाव न लिहिता केवळ आद्याक्षरे घालीत. जोव्हान बत्तिस्ता आणि ज्युसेप्पे या दोघांच्याही नावाचा आरंभ रोमन लिपीत एकाच अक्षराने होतो, आणि आडनाव तर एकच. मधले एक अक्षर पुसट झाले की काकाचे चित्र पुतण्याच्या नावावर जाऊ शकते. ज्या चित्रांवर एकही अक्षर नाही, त्यांची गोष्ट तर याहून कठीण. एकाच घराण्यातील चित्रकार एकाच शहरात, जवळजवळ एकाच पद्धतीने, एकाच प्रकारची मासळी रंगवीत होते. काळोखी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड, ओल्या खवल्यांवर चमकणारे पांढरे ठिपके, उघड्या कालव्यांतील ओलसर मोतिया रंग. हे वर्णन कोणाच्या चित्राला लागू पडणार नाही?

नाव का हरवते?

पहिले कारण कामाच्या रीतीत आहे. त्या काळी चित्रकाराचे घर हीच त्याची कार्यशाळा असे. मुले व शिष्य रंग वाटीत, पार्श्वभूमी भरीत, सोपे भाग रंगवीत. मासळीचे चित्र काढताना तर घाई अटळ असते. पकडलेल्या माशाची झळाळी काही तासांत मावळते, डोळा खोल जातो. म्हणून एकदा काढलेली रेखाटने जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरणे सोयीचे ठरे. असे चित्र एका हाताचे की अनेक हातांचे, हा प्रश्न त्या लोकांना फारसा महत्त्वाचा वाटत नसावा.

दुसरे कारण आपत्तीचे. १६५६ च्या प्लेगने नेपल्समधील सुमारे निम्मे लोक नाहीसे केले. त्यांत कारागीर गेले, चित्रकार गेले, आणि कोणी काय रंगविले हे सांगू शकणारे शेजारी व गिऱ्हाईकही गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ३० सप्टेंबर १९४३ रोजी, सुरक्षिततेसाठी शहराबाहेर हलविलेली नेपल्सच्या राज्य अभिलेखागाराची मौल्यवान कागदपत्रे जर्मन सैनिकांनी जाळली. शतकानुशतकांच्या नोंदी एका दिवसात राख झाल्या.

तिसरे कारण माणसाच्या लोभाचे. नाव मोठे तर किंमत मोठी. त्यामुळे निनावी चित्रावर प्रसिद्ध चित्रकाराची सही मागाहून घालण्याचा उद्योग जुन्या काळापासून चालत आला आहे. कोणाची ओळख विस्मृतीने पुसली जाते, तर कोणाची खोटेपणाने.

याउलट नाव उरूनही माणूस हरवल्याचे उदाहरण आहे. फ्लँडर्समधील क्लारा पीटर्स या स्त्री चित्रकाराचे मासे, खेकडे व कोळंबी असलेले १६११ सालचे चित्र स्पेनमधील माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तिने आपल्या काही चित्रांत चांदीच्या सुरीवर स्वतःचे नाव कोरलेले दाखविले आहे. धातूच्या भांड्यावर पडलेले स्वतःचे इवलेसे प्रतिबिंबही तिने काही ठिकाणी रंगविले. तिचे नाव आहे, चेहरा आहे. पण तिच्या आयुष्याविषयी आज फारच थोडे ठाऊक आहे.

नाव कसे शोधतात?

चित्राचा कर्ता ठरविताना अभ्यासक तीन प्रकारचे पुरावे पाहतात. पहिला पुरावा कागदाचा. चित्र कोणी विकत घेतले, कोणाच्या मृत्युपत्रात आले, कोणत्या यादीत नोंदले गेले. दे दोमिनिची या लेखकाने १७४२ पासून नेपल्सच्या चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. ज्युसेप्पेच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने लिहिलेल्या या ग्रंथाचा उपयोग होतो; परंतु त्यातील ऐकीव गोष्टी पारखून घ्याव्या लागतात.

दुसरा पुरावा हाताचा. जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६-१८९१) या इटालियन गृहस्थाचे शिक्षण वैद्यकाचे होते. त्याने दाखवून दिले की चित्रकार मुख्य चेहरा विचारपूर्वक काढतो, पण कान, नखे अशा बारीक जागी त्याचा हात सवयीने चालतो, आणि ती सवयच त्याला उघडकीस आणते. मासळीच्या चित्रात कान-नखे नसतात. तेथे कल्ल्यांची कड, डोळ्याभोवतीचे कडे, खवल्यांवरील उजेडाचा ठिपका यांकडे पाहावे लागते. आपल्या आईने थापलेली भाकरी दहा भाकऱ्यांतून आपण ओळखतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा पुरावा द्रव्याचा. क्ष-किरणांनी वरच्या रंगाखाली दडलेले बदल दिसतात. अवरक्त किरणांनी कोळशाचे मूळ रेखाटन दिसू शकते. रंगांचेही वय असते. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला. तो चित्राच्या मूळ थरात आढळला, तर ते चित्र १६९५ मध्ये मरण पावलेल्या ज्युसेप्पेचे असू शकत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की असा पुरावा पुष्कळदा 'हे कोणाचे नाही' एवढेच खात्रीने सांगतो. 'हे कोणाचे आहे' हे सांगण्याचे काम त्यानंतरही उरतेच.

प्रामाणिक शब्दांची शिडी

इतके करूनही उत्तर न मिळाल्यास चांगली संग्रहालये काय करतात? ती शब्द मोजून वापरतात. खात्री असेल तर केवळ चित्रकाराचे नाव. थोडी शंका असेल तर 'याचे मानले जाणारे'. घरातील शिष्यांचे काम वाटत असेल तर 'याच्या कार्यशाळेतील'. त्याच काळातील परिचिताचे वाटत असेल तर 'याच्या वर्तुळातील'. मागाहून आलेल्याचे असेल तर 'याच्या अनुयायाचे'. नक्कल असेल तर 'याच्या मूळ चित्रावरून'. आणि काहीच सांगता येत नसेल तर 'चित्रकार अज्ञात'. ही शिडी उतरताना चित्राची बाजारातील किंमत उतरते. तरीही जो ती प्रामाणिकपणे उतरतो, त्यालाच आपण जाणकार म्हणतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील युरोपीय चित्रे आहेत. तेथे जाणाऱ्या वाचकांनी चित्रांखालच्या पाट्याही लक्ष देऊन वाचाव्यात.

या प्रामाणिकपणाचा एक सुंदर नमुना व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात आहे. संत पेत्राने प्रभू येशूला नाकारले, त्या प्रसंगाचे एक चित्र तेथे आहे. त्याच्या कर्त्याचे खरे नाव आजवर सापडलेले नाही. १९४३ मध्ये रोबेर्तो लाँगी या कलासमीक्षकाने एकाच हाताची वाटणारी काही चित्रे एकत्र केली. त्यांवर रोममधील चित्रकार कार्लो साराचेनी याची छाया त्याला दिसली. म्हणून त्याने त्या अनामिकाला 'साराचेनीच्या घरचा राहणारी' अशा अर्थाचे नाव दिले, आणि तेच नाव आजही रूढ आहे. गालिलीतील मासे धरणाऱ्या पेत्राच्या अश्रूंचा क्षण रंगविणारा हा माणूस कोण हे जगाला ठाऊक नाही. त्याचे चित्र मात्र पोपमहाशयांच्या संग्रहात मानाने टांगलेले आहे.

भुयारातील मासा

आता नेपल्सहून रोमला, आणि आणखी चौदा-पंधरा शतके मागे जाऊ. रोमच्या आपिया मार्गावर संत कॅलिस्टस यांच्या नावाची भुयारी दफनभूमी आहे. तिच्यातील लुसिनाची कबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात भिंतीवर एक मासा रंगविला आहे, आणि त्याच्याजवळ भाकरींनी भरलेली टोपली. टोपलीच्या विणीतून तांबड्या द्राक्षारसाचा पेला दिसतो. समोर अशीच दुसरी जोडी. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी काढलेले हे चित्र एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ दे रोस्सी यांच्या शोधकार्यामुळे पुन्हा उजेडात आले.

मासा, भाकरी, पेला. माणूस नाही, प्रसंग नाही. एका अर्थी हेही स्थिरचित्रच. परंतु त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला त्यात सारा विश्वास वाचता येई. ग्रीक भाषेत माशाला 'इख्थुस' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पाच अक्षरांपासून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' हे शब्द तयार होतात. भाकरी आणि द्राक्षारस यांचा अर्थ तर प्रत्येक मिस्साबलीत आपल्यापुढे उलगडतो. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी विस्तवावर मासळी आणि भाकरी मांडून शिष्यांना न्याहारीला बोलाविले, तो योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील प्रसंगही येथे आठवतो.

हे चित्र कोणी काढले? छळाच्या सावलीतील त्या काळात दिव्याच्या मंद उजेडात काम करणाऱ्या त्या कारागिराने नाव ठेवले नाही. त्याच्या सहीवाचून आपल्या श्रद्धेचे काहीही अडलेले नाही.

ख्रिस्तसभेची रीत

नाव ठाऊक नसलेले मौल्यवान धन कसे सांभाळावे, हे ख्रिस्तसभेला नवे नाही. इब्री लोकांस पत्र हे नव्या करारातील पुस्तक घ्या. पुष्कळ शतके ते संत पौलाचे मानले गेले. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पवित्र ग्रंथांची यादी दिली, तेव्हाही ते पौलाच्या चौदा पत्रांत मोजले गेले. पण भाषा व शैली वेगळी असल्याचे फार पूर्वीच ध्यानात आले होते. तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन यांनी, ते कोणी लिहिले हे खरोखर देवच जाणे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे इतिहासकार युसेबियस यांनी नोंदविले आहे. आज मिस्सामध्ये वाचक 'इब्री लोकांस पत्रातून वाचन' एवढेच म्हणतो, पौलाचे नाव घेत नाही. आणि आपण त्या वाचनाला देवाचा शब्द म्हणून प्रतिसाद देतो.

येथे दोन गोष्टी एकत्र नांदतात. ग्रंथाचे मोल लेखकाच्या नावावर टांगलेले नाही. आणि म्हणून जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे भासविण्याची गरजही नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा चित्राखालच्या पाटीलाही लागू आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या धर्मग्रामात

आता घरचा विचार करू. अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ साली झाली, तिला सत्तर वर्षे उलटून गेली. विदर्भातील ख्रिस्ती श्रद्धेची पाळेमुळे त्याहून जुनी आहेत. आपल्या देवळांत, मठांत आणि घरांत जुन्या तसबिरी आहेत, लाकडी मूर्ती आहेत, क्रूस आहेत, भरतकाम केलेली वेदीवस्त्रे आहेत. त्यांतील बहुतेकांवर नाव नाही. ती कोणी आणली, कोणत्या सुताराने घडविली, कोणत्या धर्मभगिनीने विणली हे सांगू शकणारी माणसे आता थकली आहेत. नेपल्सच्या आठवणी प्लेगने आणि आगीने नेल्या. आपल्याकडे त्या नेण्यासाठी तेवढ्या मोठ्या संकटाचीही आवश्यकता नाही; आपली बेपर्वाई पुरेशी आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा आदेश स्पष्ट आहे. धर्मसंहितेच्या १२८३ व्या कलमानुसार धर्मग्रामाच्या मालमत्तेची, आणि तीत सांस्कृतिक मोलाच्या जंगम वस्तूंचीही, अचूक यादी असली पाहिजे. ८ डिसेंबर १९९९ रोजी व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या आयोगाने जगभरातील महागुरुस्वामींना उद्देशून अशा याद्यांची निकड सांगणारे परिपत्रक काढले. कलम ११८९ तर असे सांगते की देवळात भाविकांच्या आदरासाठी ठेवलेल्या, प्राचीनतेने, कलेने किंवा भक्तीने मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करू नये. सणाच्या आदल्या दिवशी जुन्या मूर्तीवर उत्साहाने चढविलेला ऑइलपेंटचा हात हा अशा दुरुस्तीचाच प्रकार आहे. त्या एका हाताखाली मूळ कारागिराचा हात कायमचा झाकला जातो.

करावयाचे काम फार अवघड नाही. प्रत्येक वस्तूचे पुढून आणि मागून छायाचित्र घ्यावे. लांबी-रुंदी मोजावी. मागे चिकटवलेली चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, पेन्सिलीची अक्षरे काढून न टाकता जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. वृद्ध धर्मग्रामवासीयांना विचारावे, आणि ते सांगतील ते त्यांच्या नावासह व दिनांकासह लिहून ठेवावे. लिहिताना शिडीचे भान ठेवावे. कागदाचा पुरावा असेल तर तसे लिहावे. ऐकीव असेल तर 'असे सांगतात' म्हणावे. काहीच कळले नाही तर निःसंकोचपणे 'कर्ता अज्ञात' लिहावे. हे दोन शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. पुढे कोणाला पुरावा सापडला तर तो त्या जागी खरे नाव घालील. पण आपण तेथे काल्पनिक नाव लिहून ठेवले, तर त्याचा शोधच थांबेल. जी वस्तू आज नवी येत आहे, तिच्यामागे कारागिराचे नाव व वर्ष आजच लिहावे. त्याला ते मागण्याचा संकोच वाटत असेल, म्हणून आपण होऊन लिहावे.

रेक्को घराण्यातील कोणत्या हाताने कोणता मासा रंगविला, याचा निवाडा अभ्यासक करीत राहतील. भुयारातील माशाचा चित्रकार मात्र बहुधा आपल्याला कधीच कळणार नाही. त्याची नोंद माणसांच्या यादीत नसली तरी ज्याच्यासाठी त्याने तो मासा रंगविला, त्या प्रभूला त्याचे नाव ठाऊक आहे. आपल्या देवळातील अनामिक सुतार, शिंपी आणि रंगारी यांच्याविषयीही आमची हीच श्रद्धा आहे. म्हणून येत्या रविवारी मिस्सानंतर घाईने बाहेर न पडता देवळातील एखाद्या जुन्या तसबिरीपुढे क्षणभर उभे राहावे, ती नीट पाहावी, तिच्या अनामिक कर्त्यासाठी एक प्रार्थना करावी; आणि मग वही काढून लिहावयास बसावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती.